स्क्रीन काळी होते, ड्राइव्ह गायब होतो: लॅपटॉपचा आजार एक आहे की दोन, हे घरच्या घरी कसं शोधायचं

मे महिन्यातल्या एका दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, परत स्क्रीन गेली. आणि आता चालू केला तर म्हणतोय, बूट करायला ड्राइव्हच नाही." नाशिकच्या इंदिरानगरात वरच्या मजल्यावरची तिची खोली, डोक्यावर तापलेला स्लॅब, बाहेर चाळिशी गाठलेलं ऊन, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं सगळं काम त्या एका लॅपटॉपवर. आदल्या आठवड्यात एका दुकानात तिला सांगितलं होतं, "बोर्ड गेलाय, नवीनच घेऊन टाका." बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, गेला नव्हता. पण ते कळायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. त्या दोन संध्याकाळी जे ज्या क्रमाने केलं, आणि सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांतली मशिनं सांभाळताना वर्षानुवर्षं जे करत आलो, ते इथे मांडतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या. स्क्रीन काळी पडणं आणि ड्राइव्ह न दिसणं ही दोन लक्षणं आहेत. आजार एक असू शकतो, दोनही असू शकतात. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तोच चालू कामात नाहीसा झाला, तर विंडोज गोठतं, निळी किंवा काळी स्क्रीन येते, आणि आपल्याला वाटतं डिस्प्ले गेला. उलट डिस्प्लेची केबल खराब असेल, तर मशीन आत व्यवस्थित चालू असतं, फक्त दिसत नाही. मग आपण घाबरून पॉवर बटण दाबून बंद करतो, आणि असं वारंवार केल्याने ड्राइव्हवरच्या फाइली बिघडतात. म्हणून पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "आधी काय गेलं?"

त्याआधी डेटा

लॅपटॉप आत्ता चालू आहे आणि ड्राइव्ह दिसतोय? मग बाकी सगळं थांबवा आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. जे पुन्हा मिळणार नाही ते सर्वात आधी: प्रोजेक्ट, घरचे फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, द्राक्षबाग निर्यातीसाठी नोंदवलेली असेल तर फवारणीच्या नोंदी. सिनेमे आणि सॉफ्टवेअर राहू द्या. पूर्ण ड्राइव्ह एकदम कॉपीला लावू नका; एक एक छोटा फोल्डर घ्या. मध्येच ड्राइव्ह गेला तरी तोवरचं हाती राहतं. लॅपटॉपची मागची बाजू पुस्तकांवर उचलून ठेवा, टेबल फॅन समोर लावा, आणि शक्यतो सकाळी लवकर करा. गरम झाल्यावर गायब होणारे ड्राइव्ह थंडपणी बऱ्याचदा तासभर साथ देतात, आणि तो तास फार मोलाचा असतो.

ड्राइव्ह अधूनमधून गायब होत असेल तर चेक डिस्क चालवू नका. विंडोज रिसेट करू नका, नव्याने टाकूही नका. चेक डिस्क फाइलींच्या नोंदी दुरुस्त करताना ड्राइव्हवर लिहीत असतं, आणि लिहिता लिहिता ड्राइव्ह गेला तर जे वाचण्यासारखं होतं तेही जातं. मला दुरुस्तीला आलेल्या मशिनांमध्ये सर्वात जास्त नुकसान या एका घाईने झालेलं दिसलं आहे.

दुसरं काम बिटलॉकरचं, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या अनेक विंडोज ११ लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो आणि मालकाला ते माहीतच नसतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) बदल केला, बोर्ड बदलला किंवा ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावला, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. फोनच्या ब्राउझरमधून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, तिथे ती की शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. हे आजच करा, कारण की नसेल तर चांगला ड्राइव्हसुद्धा कुलूप लावलेल्या पेटीसारखा हातात राहतो.

गाणं, घड्याळ आणि कॅप्स लॉक

आता एक वही घ्या. प्रत्येक वेळी वेळ, लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर, झाकण किती उघडं होतं, खालचा भाग किती गरम होता, आणि आधी काय गेलं, हे लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र बोलायला लागतं.

एक मोठं गाणं लावून ठेवा आणि काम करत रहा. स्क्रीन काळी झाली की लगेच बंद करू नका. कान द्या.

गाणं तसंच चालू आहे, कॅप्स लॉकचं बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो: मशीन जिवंत आहे. बिघाड स्क्रीन, तिची केबल किंवा ग्राफिक्सच्या बाजूला आहे.

गाणं एकाच जागी टर्रर्र करत अडकलं, कॅप्स लॉकचा दिवा हलत नाही: सगळं मशीन गोठलंय. ड्राइव्ह, रॅम, उष्णता, वीजपुरवठा, काहीही असू शकतं.

तिसरा प्रकार फसवा आहे. स्क्रीन दिसते, माउसचा बाण हलतो, गाणंही थोडा वेळ चालतं, पण काहीच उघडत नाही. मग मिनिटभराने निळी किंवा काळी स्क्रीन. हा ड्राइव्ह गेल्याचा सर्वात ठळक नमुना. जे आधीच रॅममध्ये आहे ते चालत राहतं, ड्राइव्हवरून नवीन आणायला गेलं की अडकतं. निळ्या स्क्रीनवरची टक्केवारी ० वरच थांबली तर संशय आणखी पक्का होतो, कारण बिघाडाची नोंद लिहायची तीही त्याच ड्राइव्हवर.

भाचीच्या मशीनवर आम्ही हेच केलं. चाळीस मिनिटांनी गाणं अडकलं, दिवा मेला, स्क्रीन काळी. पुन्हा चालू केल्यावर "बूट डिव्हाइस नाही". वीस मिनिटं बंद ठेवून चालू केला, तर जसं काही झालंच नाही. तिने वहीत वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं, "आधी आवाज."

विंडोजला बाजूला काढा

सॉफ्टवेअर की हार्डवेअर, यावर वाद घालत बसण्यापेक्षा विंडोजच नसेल अशा ठिकाणी लॅपटॉप चालवून पाहावा.

लॅपटॉप सुरू होताना एफ टू, डिलीट, एफ टेन किंवा एस्केप यांपैकी तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबत रहा आणि बायोसमध्ये शिरा. ड्राइव्हच्या यादीत ड्राइव्हचं नाव दिसतंय का? ते थंड असताना पाहा, आणि ड्राइव्ह गायब झाल्यावर लगेच, गरम असताना, पुन्हा पाहा. थंड असताना नाव आणि गरम असताना रिकामी जागा, हा पुरावा कुठल्याही दुकानदाराला दाखवता येतो. फोनने फोटो काढून ठेवा. बायोसलाच ड्राइव्ह दिसत नसेल तर विंडोज कितीही वेळा टाकलं तरी काही होणार नाही.

बायोसमध्येच अर्धा तास मशीन चालू ठेवा. तिथेही स्क्रीन काळी होत असेल तर विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर) निर्दोष आहे. बायोसमध्ये इकडेतिकडे बदल मात्र करू नका. विशेषतः व्हीएमडी, रेड किंवा एएचसीआय असं काही दिसलं तर हात लावू नका; लॅपटॉपने ड्राइव्हशी कसं बोलायचं हे त्या सेटिंग ठरवतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी चालू असतं. ते बंद केलं की चांगलं चालणारं विंडोजही सुरू व्हायला नकार देतं. याचीच दुसरी बाजू अशी, की विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसला नाही म्हणजे ड्राइव्ह मेला असं समजू नका. तिथे बऱ्याचदा फक्त इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो.

याहून भक्कम चाचणी म्हणजे उबंटूचा पेन ड्राइव्ह. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रुफस नावाच्या मोफत साधनाने तो तयार करा. त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि "इन्स्टॉल" न करता "ट्राय" निवडा. आता मशीन आतल्या ड्राइव्हवर अवलंबून नाही. तासभर चालवा. आतला ड्राइव्ह यादीतून गेला पण स्क्रीन आणि मशीन चालूच राहिलं, तर उत्तर मिळालं: ड्राइव्ह जातो, स्क्रीन त्याच्या मागे जाते. स्क्रीन गेली आणि ड्राइव्ह दिसत राहिला, तर बिघाड डिस्प्लेचा. दोन्ही वेगवेगळ्या वेळी गेले, तर आजार दोन.

स्क्रीनची बाजू

काळी स्क्रीन असताना विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. बीप येऊन चित्र परत आलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. ग्राफिक्स ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या अचूक मॉडेलचा घ्या. इंटेल ग्राफिक्स असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पॅनेल सेल्फ रिफ्रेश ही वीज वाचवणारी सोय बंद करून दोन दिवस बघा. झटकन काळं होऊन परत येणारे कितीतरी पडदे तेवढ्याने शांत होतात.

चार्जर लावताना किंवा काढताना एकदाच, सेकंदभर स्क्रीन काळी होते? काही लॅपटॉप बॅटरीवर रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं तो वेग) कमी करतात, त्या बदलाचा तो झटका असतो. तो आजार नाही.

चित्र परत आलं नाही तर खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधुक खिडक्या, आयकॉन दिसले तर चित्र येतंय, मागचा प्रकाश गेलाय. ओएलईडी पडद्याला ही चाचणी लागू नाही, त्याला मागचा प्रकाश नसतोच. मग एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र ठीक आणि लॅपटॉपवर काळं, म्हणजे पॅनेल किंवा केबल. दोन्हीकडे काळं, म्हणजे ग्राफिक्स, रॅम किंवा बोर्ड. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि एचडीएमआय दुसऱ्या चिपला जोडलेलं असतं, त्यामुळे या निकालाला थोडी सूट द्या.

आता बिजागरी. स्क्रीनची बारीक केबल बिजागरीतून जाते, आणि झाकण उघडलं-मिटलं की ती दर वेळी वाकते. झाकण अगदी सावकाश, बोटभर बोटभर उघडत जा. ठराविक कोनातच काळं होत असेल, रंगीत रेघा येत असतील किंवा चित्र थरथरत असेल, तर केबलवर माझा पहिला संशय. लॅपटॉप सॅकमध्ये टाकून रोज दुचाकीवरून खड्ड्यांतून जाणाऱ्यांच्या मशीनमध्ये ही केबल आणि तिचा जोड लवकर ढिला पडतो, हे मी अंबडच्या रस्त्यावर ये-जा करणाऱ्यांकडे सतत पाहतो.

एक छोटी गोष्ट लोक विसरतात. झाकण मिटलंय हे लॅपटॉप चुंबकाने ओळखतो. मनगटावरचा चुंबकी पट्टा, इअरफोनची डबी किंवा फोनचं कव्हर तळहाताच्या जागेजवळ आलं, तर मशीनला वाटतं झाकण बंद झालं आणि स्क्रीन मालवते. घड्याळ काढून एक दिवस काम करून बघा.

ड्राइव्हची बाजू

ड्राइव्ह दिसत असताना क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवा. "गुड" हा शब्द वाचून थांबू नका. एनव्हीएमई ड्राइव्ह (नव्या लॅपटॉपमधला वेगवान प्रकार) असेल तर चार आकडे बघा: अव्हेलेबल स्पेअर, म्हणजे राखीव जागा, किती उरलंय, परसेंटेज यूज्ड, म्हणजे झीज, किती झालंय, मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर, म्हणजे डेटातल्या चुका, ० आहे का, आणि तापमान. बहुतेक घरगुती एनव्हीएमई ड्राइव्हची कामाची मर्यादा ० ते ७० अंश असते. नाशिकच्या मेमध्ये, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये, ती गाठायला वेळ लागत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १२९ म्हणजे ड्राइव्हने उत्तर दिलं नाही म्हणून त्याला रिसेट करावं लागलं, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं, १५७ म्हणजे ड्राइव्ह अचानक काढला गेल्यासारखा नाहीसा झाला. कर्नल-पॉवर ४१ दिसली तर घाबरू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं इतकंच ती सांगते, कारण सांगत नाही. आणि ४१ च्या आधी काहीच नोंद नसेल तर तीही एक खूण आहे. विंडोजचाच ड्राइव्ह गेला, तर त्या क्षणाची नोंद लिहायला जागाच उरलेली नसते.

मशीन उघडण्याआधी दोन सोपे उपाय. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखालचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा. काही ड्राइव्ह वीज वाचवायला झोपतात आणि हाक मारल्यावर उठत नाहीत; अशांचं गायब होणं काम थांबल्यावर, रिकाम्या वेळात होतं. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही सेटिंग लपलेली असते, तिथे ते सोडून द्या. दुसरं, डेटा सुरक्षित झाल्यावर ड्राइव्हच्या कंपनीचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि लॅपटॉपचं बायोस अद्ययावत करा. बायोस अपडेट करताना बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली ठेवा, आणि पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल त्या संध्याकाळी हे करूच नका. ज्या मशीनची स्क्रीन सारखी काळी होते किंवा जे मधेच गोठतं, त्यावर बायोस अपडेट मी करत नाही.

पाठ उघडून ड्राइव्ह पुन्हा बसवणं

वॉरंटी चालू असेल तर हे सोडा आणि सरळ सर्व्हिस सेंटरला जा. पाठीचं कव्हर फुगलेलं असेल, टचपॅड वर आला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद करा, आत काही टोकदार खुपसू नका आणि जाणकाराकडे द्या. या दोन्ही गोष्टी नसतील, हात स्थिर असेल, तरच पुढे.

शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे मशीन खरंच पूर्ण बंद होतं. चार्जर काढा. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी त्या चित्रावर ठेवा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला भोक पडतं. कव्हर जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सुटा करण्याचं, मग पॉवर बटण वीस सेकंद दाबून धरायचं. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत अंगात स्थिर वीज साठते, म्हणून सुरू करण्याआधी स्टीलच्या नळाला हात लावा, आणि सतरंजीवर बसून हे करू नका.

एम डॉट टू ड्राइव्ह च्युइंगमच्या कांडीसारखा असतो, सहसा २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. एका टोकाला खाच, दुसऱ्या टोकाला एक बारीक स्क्रू. भाचीचं मशीन मी उघडलं तेव्हा तो स्क्रू नव्हता. त्याच्या जागी पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. वर्षभरापूर्वी एका दुकानात ड्राइव्ह मोठा करून घेतला, तेव्हा कुणीतरी स्क्रूऐवजी ती लावून दिली होती. या ड्राइव्हचा स्वभावच असा, की स्क्रू सोडला की मोकळं टोक वर उचललं जातं. थंड असताना पट्टीने तो दाबून धरला होता. मेच्या उन्हात गोंद मऊ झाला, टोक केसभर उचललं, सोनेरी संपर्क सुटला. पट्टीवर बोट ठेवलं तर ती तुपासारखी सरकली. तिचं अर्ध्या वर्षाचं काम त्या पट्टीच्या भरवशावर होतं, आणि त्या क्षणी मला खरंच राग आला.

ड्राइव्ह कडांनी धरून बाहेर काढा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. मळ दिसला तर शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक थेंब धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन हलकेच पुसा आणि वाळू द्या. तिरका धरून खाचेत पूर्ण सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा. स्क्रू टेकला की थांबा, पिळू नका. स्क्रू हरवला असेल तर लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे एम टू मापाचा आखूड स्क्रू मागा. वर उष्णता ओढून घेणारी मऊ गादी (थर्मल पॅड) असेल तर ती परत नीट ड्राइव्हवर बसली पाहिजे. रॅमची पट्टी सुटी होत असेल तर तीही काढून पुन्हा बसवा, कारण ढिली रॅमही काळी स्क्रीन दाखवते. स्क्रीनच्या केबलचा जोड मात्र सवय नसेल तर सोडू नका. तो नाजूक असतो आणि एकदा मोडला की खर्च वाढतो.

यानंतरही ड्राइव्ह गायब होत असेल तर अदलाबदल करा. तुमचा ड्राइव्ह यूएसबी एन्क्लोजरमध्ये (ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या मशीनवर तासभर चालवा. घेताना एन्क्लोजर तुमच्या ड्राइव्हला चालतं का ते विचारा: एनव्हीएमईला सहसा एक खाच असते, साटाच्या (जुन्या, हळू प्रकारच्या) एम डॉट टूला दोन. तिथेही गायब झाला तर ड्राइव्ह गेला. तिथे ठणठणीत, आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये दुसरा चांगला ड्राइव्हही गायब, तरच बोर्डाचं नाव घ्या.

दुकानात देताना

ड्राइव्हचा आणि रॅमचा सिरियल क्रमांक दिसेल असा फोटो काढा, पावतीवर ते क्रमांक आणि बिघाड लिहून घ्या. "चालत नाही" एवढं न लिहिता "गरम झाल्यावर बायोसमध्ये ड्राइव्ह दिसत नाही" असं लिहायला लावा. काढलेला भाग परत मागा. पासवर्ड देऊ नका. हार्डवेअर तपासायला तो लागत नाही. ड्राइव्ह कुठेच दिसत नसेल आणि आतला डेटा हवा असेल, तर तो दुकानात फॉरमॅटला न देता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. पैसे घेऊन काम झालं नाही आणि दुकानदार ऐकत नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

स्क्रू लावल्यावर भाचीचा ड्राइव्ह एकदाही गेला नाही. पण चौथ्या दिवशी तिचा पुन्हा फोन: "मामा, स्क्रीन गेली, पण गाणं चालू आहे." झाकण थोडं मिटलं की चित्र येई, मागे रेललं की जाई. दुसरा आजार तो: बिजागरीतली केबल. तिच्या मॉडेलच्या क्रमांकाने केबल मागवली, सवयीच्या माणसाकडून बसवून घेतली, आणि तेवढ्यावर काम भागलं.

दुरुस्ती झाल्यावर लगेच निर्धास्त होऊ नका. आठ दिवस वही चालू ठेवा. एकदा भर दुपारी दोन तास मशीन चालवा, एकदा बॅटरीवर, एकदा चार्जरवर, एकदा झाकण वेगवेगळ्या कोनांत ठेवून. रोज संध्याकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५७ शोधा. आठव्या दिवशी भाचीच्या वहीत फक्त वेळा होत्या, पुढच्या रकान्यात सगळीकडे "काही नाही". त्यानंतरच आम्ही बाहेरच्या हार्ड डिस्कवरची प्रोजेक्टची प्रत लॅपटॉपवर परत घेतली, आणि ती हार्ड डिस्क तशीच कपाटात ठेवली.